पाणंदीतली सायकल

"तुमच्याकडे चालायला जागा आहे का गं?"

मैत्रिणीचा हा मेसेज आला तेव्हा मी रंकाळ्याच्या काठावर भेळ खात उभी होते. कोल्हापूरच्या माणसाला 'तुमच्याकडे अमुक आहे का' असं विचारणं म्हणजे थेट आव्हानच. भेळ बाजूला ठेवली आणि धडाधड टाइप केलं. पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार, राधानगरी, दाजीपूर. झालंच तर पन्हाळा ते पावनखिंड. आणखी काय पाहिजे?

ही मैत्रीण दोन वर्षांपासून ऑक्सफर्डजवळच्या एका खेड्यात राहते. दर रविवारी तिचे फोटो येतात. कधी पायी, कधी सायकलवर. हिरवी कुरणं, मेंढ्या, लाकडी फाटक आणि फाटकाशेजारी एक छोटीशी पाटी. पाटीवर पिवळा बाण असला की पायी जायची वाट, निळा असला की सायकल आणि घोडासुद्धा चालतो. गंमत म्हणजे ही वाट सरळ कुणाच्या तरी खासगी शेतातून जाते. फाटक उघडायचं, आत जायचं, फाटक पुन्हा लावायचं. मालक समोर आला तर 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. बस्स!

माझ्या यादीवर तिचं उत्तर आलं, "अगं, ते सगळं गाडी काढून जायचं. मी विचारतेय, घरातून निघायचं आणि साध्या शेताशेतातून भटकायचं, असं काही?"

मी भेळ संपवली. उत्तर दिलं नाही. कारण खरं सांगायचं तर मला माहीतच नव्हतं.

आता कोल्हापुरात सायकलवाले कमी आहेत असं समजू नका. रविवारी पहाटे जोतिबाच्या चढाला बघा, हेल्मेट, ग्लोव्ह्ज, मोबाइलमधलं अ‍ॅप असा सगळा जामानिमा करून पोरं दात-ओठ खात चढत असतात. मीसुद्धा त्यांच्यातलीच. गिअरची सायकल घेतली, पहिले दोन महिने किलोमीटर मोजले, ग्रुपवर फोटो टाकले. पण आम्ही सगळे डांबरावरचे पाहुणे. डांबराच्या दोन्ही बाजूंना जे काही होतं ते आमच्या दृष्टीनं फक्त 'व्ह्यू'.

म्हणून ठरवलं, एक महिना डोंगर नाही, किलोमीटर मोजणं नाही. एकच गाव धरायचं आणि त्याच्या चारी बाजूंना हिंडायचं. आणि गाव कुठलं, हा प्रश्नच नव्हता. आजी आणि काका राहतात ते आमचं गाव, पन्हाळा रोडच्या डाव्या हाताला, कासारी नदीच्या अलीकडे. नाव मुद्दाम लिहीत नाही. काकानं तसं बजावलंय. का, ते पुढं कळेल.

दिवाळी संपली, थंडीची चाहूल लागली आणि एका रविवारी निघाले. गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबले. म्हैस समोर उभी, धार पेल्यात, पेला आपल्या हातात. फेस ओठाला लावून तोरस्कर चौकातून शिवाजी पुलावर. खाली पंचगंगा धुक्यात. पूल ओलांडला, आंबेवाडी मागं पडली की रत्नागिरी महामार्गावरचे ट्रक कानाशी हॉर्न वाजवायला लागतात. इथं सायकल चालवण्यात कसलीही मजा नाही, जीव मुठीत धरून कडेकडेनं जायचं. पण एकदा का डाव्या हाताला वळलं की पाच मिनिटांत आवाज बंद! जणू कुणीतरी दार लावून घेतलं.

ते दार म्हणजे ऊस. नोव्हेंबरात आमच्याकडं ऊस दोन पुरुष उंच असतो. दोन्ही बाजूंना उसाच्या भिंती आणि मधून एक कच्ची वाट. हिलाच आमच्याकडं पाणंद म्हणतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, पाणंद म्हणजे शेतांच्या मधून जाणारा गाडीवाटेचा रस्ता. तो कुणा एकाचा नसतो, सगळ्यांचा असतो. खत याच वाटेनं आत जातं, ऊस याच वाटेनं बाहेर येतो. कडेला शेर, घाणेरी, बाभळी. मध्ये बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि त्यांच्यामध्ये गवताची पट्टी. सायकलला चाकोरी धरून जायचं. जरा लक्ष उडालं की थेट घाणेरीत!

पहिल्याच दिवशी कुकुडकोंबा दिसला. तारेवर वेडे राघू ओळीनं बसलेले. आणि माणसं! डांबरी रस्त्यावर हात वर करून 'हाय' म्हणणारे सायकलवाले भेटतात. पाणंदीत माणूस थांबतो, सायकलकडं बघतो, मग माझ्याकडं बघतो आणि विचारतो, "कुणाची गं तू?" मग आजोबांचं नाव सांगायचं. पुढचा प्रश्न, "आनि हितं काय करालीस?" फिरायला आले, हे उत्तर कुणालाच पटत नाही. एका मावशींनी तर फार काळजीनं सांगितलं, "वाट चुकलीस व्हय? मागं फीर, सडक तिकडं हाय."

एका पाणंदीच्या टोकाला गुऱ्हाळ सापडलं. लहानपणी पाहिलं होतं, पण तेव्हा लक्ष फक्त काकवीवर. आता उभं राहून नीट बघितलं. चुलवाणात एक माणूस वाळलेली चिपाडं सारखी ढकलतोय. वर भल्यामोठ्या काहिलीत रस उकळतोय. त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढायची. गुळव्या काहिलीकडं बघत शांत उभा. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. थोडा पाक पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळून बघितली आणि म्हणाला, "उतरा." चार माणसांनी काहील वाफ्यात ओतली. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी एका लेखात कधीतरी लिहिलं होतं. गूळ तयार होताना मात्र इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहत होते. आता सांगा, हे माझ्या घरापासून सायकलनं पाऊण तासावर!

संध्याकाळी आजीला सगळं सांगितलं. आजीचं वय ऐंशीच्या पुढं, गुडघे गेलेले, दिवसभर सोप्यात बसून असते. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आनि प्रयागची वाट? ती हाय काय गं अजून?"

प्रयाग म्हणजे आमचं चिखलीचं प्रयाग. भोगावती, कुंभी, तुळशी आणि कासारी यांचं पाणी इथं एक होतं, पाचवी सरस्वती गुप्त धरतात, आणि इथून पुढं नदीचं नाव पंचगंगा. संक्रांतीला इथं आंघोळीला गर्दी होते. आजी लग्न होऊन आली त्या वर्षापासून दर संक्रांतीला गावातल्या बायकांबरोबर पाणंदीनं चालत प्रयागला जायची. पहाटे अंधारात निघायचं, कडेवर पोर, पदरात तिळगूळ. उजाडायला संगमावर. "चालत गेलं की चार सासवांच्या कागाळ्या सांगून व्हायच्या," आजी म्हणाली. शेवटची कधी गेली ते तिला आठवेना. नंतर रिक्षा आल्या, सडकेनं जायला लागले सगळे. "तू बघून ये. हाय का न्हाई तेवढं सांग मला."

मला वाटलं, किती सोपं काम! पुढच्या रविवारी निघाले. गावाबाहेर पहिला अर्धा किलोमीटर पाणंद झकास. मग ती अरुंद झाली. मग इतकी अरुंद की दोन्हीकडचा ऊस हँडलला लागायला लागला. उसाचा पाला हाताला कापतो आणि त्याची कूस टोचली की दिवसभर खाजतं. सायकल उतरून ढकलत नेली. पुढं एक वळण आलं आणि वळणावर वाट संपली. म्हणजे समोर नुसता ऊस! पंधरा मिनिटं धडपडले, सायकलची चेन पडली, एका पाटात पाय गेला आणि चिखलानं माखून परत आले.

काका दारातच होता. मला बघून हसला. "आगं, त्या वाटनं कोन जातंय आता? साप-किरडू असतंय."

मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, तुमच्याकडं बरं आहे बाई, वाटांना पाट्या असतात. ती म्हणाली, पाट्या काय आभाळातून पडल्या नाहीत! मग तिनं सांगितलं आणि मी नंतर वाचलं. १९३२ साली मँचेस्टर, शेफील्डकडची कामगार पोरं-पोरी किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मुद्दाम घुसली. डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेला. राखणदारांशी मारामारी झाली, पाच जण तुरुंगात गेले. पुढं १९४९ च्या कायद्यानं गावोगावच्या वाटांचे अधिकृत नकाशे करायचं ठरलं. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर वाटा आहेत. आणि ऐका, शेतातून जाणारी पायवाट शेतकऱ्यानं नांगरली, तर साधारण चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते.

मला फार हेवा वाटला. मग पत्रकारितेची खोड, म्हटलं आपल्याकडं काय आहे ते तरी बघू. आणि बघते तर काय, आपल्याकडं सगळं आहे! गावाच्या नकाशावर गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनं आणि पायवाट तुटक एकेरी रेषेनं दाखवलेली असते. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर ती मोकळी करून देण्याचा अधिकार तहसीलदाराला १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानं दिलेला आहे, म्हणजे किंडर स्काउटच्या सव्वीस वर्षं आधी. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम १४३ आहे, शेताच्या बांधावरून वाट मिळण्यासाठी. २०२१ साली तर सरकारनं 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत, पाणंद रस्ते योजना' काढली. कायदा आहे, नकाशा आहे, योजना आहे. मग वाट कुठं गेली?

मी गावाचा नकाशा मिळवला. सोप्यात पसरला. तुटक दुहेरी रेषा गावातून निघून पूर्वेला प्रयागच्या दिशेनं सरळ जात होती. वळण होतं, पण वाट तिथं संपत नव्हती. मला भारी उत्साह आला. डोक्यात लेखाचं हेडिंगसुद्धा तयार झालं, 'पाणंद गिळली कुणी?' काका जेवत होता. त्यानं नकाशाकडं एकदा बघितलं आणि भाकरी मोडत राहिला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टोळी आली आणि आमचा ऊस तुटला. तुमच्यापैकी ज्यांनी ऊस तुटल्यावरचं शिवार पाहिलं नसेल त्यांना कसं सांगू? महिनोन्‌महिने भिंतींच्या मधून चालत असता आणि एका दिवसात भिंती जातात. जोतिबाचा डोंगर एकदम जवळ येतो, पन्हाळ्याची कड दिसते, टिटव्या ओरडत फिरतात. मी सायकल गावात ठेवली आणि पायी निघाले. आता वळणाच्या पुढचं सगळं स्वच्छ दिसत होतं. पाणंद तिथंच होती. फक्त तिच्यात उसाची खोडकी होती. आणि वळणावर, पाचटातून डोकं काढून, एक दगड उभा होता. मोजणीचा, हद्दीचा दगड.

दगडाच्या एका बाजूला आमचं शेत. दुसऱ्या बाजूला दोन सऱ्या. त्या दोन सऱ्यांतली खोडकी आमच्याच उसाची होती.

मी तिथंच बांधावर बसले. हीच गोष्ट दुसऱ्या कुणाच्या शेतातली असती, तर मी त्याच संध्याकाळी लिहून मोकळी झाले असते. फोटो, नकाशा, कलम, सगळं तयार होतं. फक्त सातबाऱ्यावर नाव आमचं होतं. माझ्या शिक्षणाची फी त्याच शेतातल्या उसाच्या बिलावर भरली होती. त्यातल्या दोन सऱ्यांचे किती, हा हिशोब करायला बसले आणि सोडून दिला.

रात्री काकाला विचारलं. म्हटलं, काका, दगड आपल्या शेताच्या आत आहे.

"दगड जाग्यावरच हाय," काका म्हणाला. "पाणंद सरकलीया."

मी हसले नाही. मग तोही गंभीर झाला. म्हणाला, समोरच्यानं आधी एक सरी घातली. आपण गप्प बसलो असतो तर पुढच्या वर्षी त्यानं आणखी घातली असती. मग आपण दोन घातल्या. पलीकडच्यानं बघितलं, त्यानंही घातल्या. "सगळ्यांनी थोडी थोडी खाल्ली, पोरी. आता एकट्यानं सोडून काय उपेग? मी सोडली की समोरचा घेनार."

मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात आतून आजीचा आवाज आला. मला वाटलं ती झोपली होती.

"त्याला काय इचारतीस? त्या दोन सऱ्या मीच घालाय लावल्या."

आजीनंच! प्रयागची वाट आहे का बघून ये, म्हणणाऱ्या आजीनं. ती भिंतीकडं तोंड करून बोलत होती. त्या वर्षी आत्याचं लग्न होतं, सोसायटीचं कर्ज होतं, दोन सऱ्या म्हणजे दोन सऱ्या. "वाटंनं जानारी मीच हुतो. मीच म्हटलं, मी जाणार न्हाई, घाल ऊस." आमच्याकडं बायकाही 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात, बाहेरच्यांना गंमत वाटते. त्या रात्री मला गंमत वाटली नाही.

मग थोड्या वेळानं ती म्हणाली, "पुराच्या राती आठवली मला ती."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यात होते. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मी ते सगळं मोबाइलवर बघितलं. गावाकडं काय झालं ते त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकलं. वळणाजवळच्या मळ्यातल्या गोठ्यांत म्हशी होत्या. कासारीचं पाणी शेतात शिरलं. जनावरं पाणंदीनंच वर काढायची होती. जिथं दोन गाड्या शेजारून जायच्या तिथं आता एकेक म्हैस जात होती, दोन्हीकडं उभा ऊस, छातीएवढं पाणी, मागं शेजाऱ्यांची जनावरं खोळंबलेली. आमच्या सगळ्या निघाल्या. मागच्यांच्या सगळ्या निघाल्या नाहीत. काका हे सांगताना जमिनीकडं बघत होता. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तसंच पाणी आलं, तेव्हा त्यांनी दोन दिवस आधीच गोठा रिकामा केला होता. पण सऱ्या तशाच राहिल्या.

तोवर पाणंद माझ्या दृष्टीनं रविवारची मौज होती. मैत्रिणीच्या फोटोंना उत्तर. त्या रात्रीनंतर मी 'पाणंद गिळली कुणी?' हे हेडिंग वहीतून खोडलं.

मी हिंडणं मात्र थांबवलं नाही. उलट वाढवलं. काकानं सांगितलेलं एक वाक्य डोक्यात बसलं होतं, त्या वाटनं कोन जातंय आता? ठीक आहे, मी जाते! दर रविवारी त्याच वाटेनं, खोडव्याच्या मधून, सायकल ढकलत, प्रयागपर्यंत. पहिल्यांदा पोचले तेव्हा संगमावरच्या देवळाच्या पायरीवर बसून आजीला फोन केला. ती म्हणाली, "पानी हाय काय?" म्हटलं, आहे. "मग तोंड धू."

आता गावातली दोन पोरं शाळेच्या सायकली घेऊन माझ्याबरोबर येतात. मावशींनी वाट चुकलीस का विचारणं सोडून दिलंय.

तुम्हालाही जायचं असेल तर चार गोष्टी. घोड्याच्या किमतीची सायकल लागत नाही, जाड टायरची कुठलीही चालते. बाभळीचे काटे असतात, पंक्चरचं सामान जवळ ठेवा. ऊस तुटल्यावर, म्हणजे साधारण फेब्रुवारीपासून वळीव पडेपर्यंत जा, आणि सकाळी लवकर. उभ्या पिकातून सायकल घालू नका, ऊस मोडून खाऊ नका, मागितला तर लोक स्वतः तोडून देतात. आणि 'कुणाची तू' असं विचारलं तर रागवू नका. तिकडं पाटी असते, इकडं हा प्रश्न असतो.

मेच्या शेवटी वळिवानं झोडपलं आणि मी दोन रविवार जाऊ शकले नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले. वळणावर पोचले तर दगड बाजूनं मोकळा. आमच्या दोन सऱ्यांतली एक, वळणाच्या दोन्ही अंगाला वीस-पंचवीस पावलं, मुळापासून उपटलेली. माती दाबून सारखी केलेली. समोरच्याची सरी जशीच्या तशी.

घरी आले तेव्हा काका गोठ्यात धार काढत होता. मी काही म्हणायच्या आत म्हणाला, "म्हशीस्नी काढलीया वाट, पाऊस याच्या आत. तुज्या सायकलीला न्हवं."

"आणि दुसरी सरी?"

"खोडवा निघू दे. मग बघू."

आजी सोप्यात बसून ऐकत होती. ती काहीच बोलली नाही. फक्त मी निघताना म्हणाली, "संक्रांतीला गाडी जाईल काय गं तितनं? बैलाची?"

मी वळणावर परत गेले आणि पावलं मोजली. एक गाडी जाते.